काजव्यांवर टॉर्च मारू नका रे!!

दरवर्षी तेच! मे संपत आला, वळवाचा एखादा शिडकावा झाला की भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे काजव्यांचे फोटो काढायला जायचं आणि कोणीतरी ट्रायपॉडसमोर टॉर्च मारणारच. अरे बाबांनो, तो उजेड म्हणजे त्यांचं बोलणं आहे, नर उडत लुकलुकतो, मादी खाली गवता-झुडपात बसून उत्तर देते, तुमच्या हेडलाइटमध्ये त्यांना एकमेकांचं काय दिसणार? पंख फुटल्यावर आयुष्यच जेमतेम काही आठवड्यांचं. यंदा तर एक जण, गळ्यात भारीतला कॅमेरा, चांगली फ्रेम मिळावी म्हणून सरळ गवत तुडवत सादड्याच्या बुंध्यापर्यंत गेला आणि झाडावरच फ्लॅश मारला!! फ्लॅशमध्ये काजवे येतच नाहीत रे, नुसती पानं येतात. मी 30-30 सेकंदांची एक्सपोजर लावून अंधारात तासभर गप्प बसते, डोळे सरावले की अख्खं झाड एका तालात उजळतं-विझतं, अंगावर काटा येतो, मग फोटो आला काय नाही काय. पण तेवढ्यात मागून गाडी येते, हाय बीमवर. तेवढा अंधार तरी राहू द्या ना, हात जोडते.