नट आवळून हँडब्रेक सुधारत नाही, बॅटरी बदलून गळती थांबत नाही

जुन्या गाड्या वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं हातोहात फिरतो आहे. तो थोडक्यात असा. हँडब्रेक लागत नसेल तर लिव्हरखालचा नट आवळा. केबल जड झाली असेल तर तेल सोडा. त्यापेक्षा गाडी गिअरमध्ये लावा आणि हँडब्रेकला हातच लावू नका. तो ओढून ठेवला की बॅटरीही उतरते. बॅटरी तरीही उतरत असेल तर तिचं वय झालं, बदलून टाका. नाहीतर रोज रात्री टर्मिनल काढा आणि सकाळी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा. अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी भरणाऱ्या यंत्रावर, शंका असेल तर चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघा. इंजिन बंद पडलं नाही म्हणजे अल्टरनेटर ठीक.

हा सल्ला टिकून राहिला, कारण त्यातलं जवळपास काहीही केलं तरी दोन-चार दिवस बरं वाटतं. नट आवळला की लिव्हर घट्ट लागतो, नवी बॅटरी टाकली की पहिल्याच सेल्फला गाडी उठते. दोष मात्र जागच्या जागी राहतो आणि दिसेनासा होतो. ब्रेकच्या बाबतीत दोष दिसेनासा होणं हे दोष असण्यापेक्षा वाईट, म्हणून एकेक मुद्दा नीट तपासू या.

«लिव्हर फार वर येतो? नट आवळा.»

लिव्हर ओढताना जास्त दाते, म्हणजे कटकट वाजणारे टप्पे, चढायला लागला की सगळे म्हणतात, केबल ताणली गेली. पोलादी तार इतकी ताणली जात नाही. मागच्या चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला ड्रम म्हणतात, आणि त्याला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या वक्र तुकड्यांना शू. बहुतेक वेळा या शूंवरचं घासणारं अस्तर, म्हणजे लायनिंग, झिजलेलं असतं आणि शू ड्रमजवळ सरकवणारा अॅडजस्टर गंजून अडकलेला असतो. शू आणि ड्रममधली फट वाढली की ती भरून काढायला केबलला जास्त ओढावं लागतं. म्हणजे दुखणं ड्रमच्या आत असतं आणि उपचार लिव्हरखाली चालतो.

त्यातून पुढचं नुकसान होतं ते असं. मागच्या शूला एक छोटा लिव्हर जोडलेला असतो आणि केबल तो ओढते. हँडब्रेक सोडल्यावर हा छोटा लिव्हर पूर्ण मागे जाऊन आपल्या टेकूवर बसला पाहिजे. बऱ्याच गाड्यांतला आपोआप चालणारा अॅडजस्टर तो तिथे बसला आहे असं धरूनच काम करतो. तुम्ही वरून नट आवळत गेलात की हा लिव्हर कायमचा अर्धवट पुढे खेचलेला राहतो, अॅडजस्टरचं काम थांबतं, लायनिंग झिजत राहतं आणि फट तशीच वाढते. काही महिन्यांनी पायातला ब्रेकही खोल जायला लागतो. त्याआधी एखादा शू ड्रमला घासत राहून चाक तापतं, जळका वास येतो, पेट्रोल जास्त लागतं. मागे डिस्क ब्रेक असून हँडब्रेक कॅलिपरवरच, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखं धरणाऱ्या भागावरच, काम करत असेल तर तिथेही हेच: कॅलिपरवरचा लिव्हर त्याच्या टेकूपर्यंत परत आला पाहिजे.

बरोबर क्रम उलटा आहे. सपाट जागेवर पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, मागची बाजू उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. हँडब्रेक सोडा आणि केबलचा नट पूर्ण सैल करा. मग ड्रम काढा. लायनिंग किती उरलंय ते बघा, अॅडजस्टरचे आटे साफ करून तो मोकळा फिरेल असा करा आणि शू ड्रमला जेमतेम स्पर्श करतील इतपत बाहेर घ्या. आतली काळी भुकटी फुंकून किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसून घ्या. ड्रम बसवून पायातला ब्रेक अनेक वेळा दाबा म्हणजे शू मध्यावर येतील. केबलची पाळी आता. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दात्यांची संख्या दिलेली असते, बऱ्याच गाड्यांत ती ४ ते ७ च्या आसपास असते. लिव्हर पूर्ण खाली असताना दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरली पाहिजेत आणि दोन-तीन दाते वर घेतल्यावर दोन्ही सारखीच जड व्हायला हवीत.

एक चाक धरतं आणि दुसरं नाही, असं दिसलं तर नटाकडे जाऊच नका. खाली वाकून इक्वलायझर बघा, म्हणजे लिव्हरची ओढ दोन केबलींमध्ये वाटणारी ती आडवी पट्टी. दुसऱ्या कोणाला हँडब्रेक हळूहळू ओढायला सांगा. पट्टी सरळ मागेपुढे सरकली तर दोन्ही बाजू सारख्या आहेत. ती तिरकी होत असेल तर दोन बाजूंचा प्रवास वेगळा आहे: एकतर एका बाजूची केबल अडकली आहे, किंवा दुसऱ्या बाजूच्या शूंमध्ये फट जास्त आहे. या एका निरीक्षणाने निम्मं काम वाचतं, आणि नट आवळणारा माणूस नेमकं हेच बघत नाही.

«केबल जड झाली? तेल सोडा.»

केबल म्हणजे बारीक पोलादी तारांचा पीळ, त्यावर बाहेरचं आवरण, आणि बहुतेकांत मधे प्लॅस्टिकचं अस्तर. टोकांना रबरी टोप्या असतात. टोपी फाटली की पाणी आत शिरतं, केबलच्या खालच्या वळणात साचतं आणि तिथे गंज धरतो. गंज फुगतो, तार आवरणात आवळली जाते, अस्तर खरवडलं जातं. अशा केबलमध्ये तेल सोडलं तर काही दिवस ती सरकेल. पण कापलं गेलेलं अस्तर तेलाने भरून येत नाही आणि तुटलेला पीळ जुळत नाही. शिवाय चाकाकडच्या टोकातून ओघळलेलं तेल ड्रममध्ये गेलं तर लायनिंग बाद होतं. ते धुऊन पूर्वीसारखं होत नाही, शू बदलावेच लागतात.

तपासणी सोपी आहे. केबल दोन्ही टोकांना सोडवा आणि आतली तार हाताने मागेपुढे करा. ती एकसारखी सरकायला हवी. मधेच अडखळली, वाळू अडकल्यासारखी खरखर लागली, किंवा टोकाशी एखादी जरी तार तुटून वर आलेली दिसली, तर केबल बदला. दोन्ही बाजूंच्या बदला, कारण दोघींनी सारखंच पाणी आणि सारखीच वर्षं खाल्लेली असतात. नवी केबल जुनीच्याच वाटेने, सगळ्या क्लिपांमधून, सायलेन्सरच्या पाइपापासून लांब ठेवून न्या. पहिल्या काही दिवसांत ती जागेवर बसते आणि किंचित ढिली होते, तेव्हा एकदा पुन्हा अॅडजस्ट करावी लागते. ग्रीस लावायचंच असेल तर लिव्हरच्या खिळीला, इक्वलायझरला आणि नटाच्या उघड्या आट्यांना लावा.

«गिअरमध्ये लावा, हँडब्रेक वापरू नका.»

यात थोडं तथ्य आहे. ओलसर जागी गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर शू ड्रमला चिकटू शकतात. तेव्हा हँडब्रेक सोडून गिअर आणि चाकांना ठोकळे, हे योग्यच आहे. रोजच्या वापरात मात्र हा सल्ला चुकीचा. गिअरमध्ये लावलेल्या गाडीला इंजिनमधलं कॉम्प्रेशन धरून ठेवतं, आणि जुन्या, झिजलेल्या इंजिनात ते हळूहळू निसटतं. उतारावर अशी गाडी थोडी थोडी पुढे सरकू शकते. गिअर आणि हँडब्रेक, दोन्ही लावा. न वापरल्याने केबल अडकायची थांबत नाही. न हलणारी केबलच लवकर गंजते. आणि केबलवर चालणारा हँडब्रेक ब्रेक ऑइलवर अवलंबून नसतो. ऑइलची गळती होऊन पेडल जमिनीला टेकलं तर हातात तेवढीच गोष्ट उरते.

«हँडब्रेक ओढून ठेवला की बॅटरी उतरते.»

डॅशबोर्डवरचा हँडब्रेकचा लाल दिवा बहुतेक जुन्या गाड्यांत चावी फिरवल्यावरच लागतो. चावी काढली की त्याला वीजच मिळत नाही.

पण ब्रेकमुळे बॅटरी उतरते ती दुसऱ्या रस्त्याने. पायातल्या ब्रेकच्या वर एक छोटा स्विच असतो. पेडल सुटलेलं असताना त्याची दांडी दाबलेली राहते आणि मागचे दिवे बंद असतात. काही गाड्यांत ती दांडी पेडलवरच्या रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या एका छोट्या गुंडीवर टेकते. वर्षांनुवर्षं तापून ही गुंडी ठिसूळ होते आणि एक दिवस तिचा चुरा होतो. दांडी पेडलच्या भोकातून आरपार जाते आणि स्विचला वाटतं, ब्रेक दाबलेला आहे. मागचे २१ वॅटचे दोन बल्ब पेटून राहतात आणि बहुतेक गाड्यांत त्यांना चावीची गरज नसते. दोन बल्बांचे ४२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला साधारण साडेतीन अँपिअर. ४५ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी बारा-तेरा तासांत रिकामी. पेडलखालच्या मॅटवर रंगीत प्लॅस्टिकचे तुकडे दिसले तर झाडून टाकण्याआधी मागचे दिवे बघा.

«रात्रीत उतरते? बॅटरी संपली.»

असेलही संपली. पण ते ठरवायला खर्च नको, साधा मल्टिमीटर पुरतो. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा, गाडीपासून सोडवा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी टर्मिनलवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी चार्ज धरून ठेवते आहे आणि वीज गाडी खाते आहे. कशालाही न जोडता ती १२.४ च्या खाली आली तर तिच्यातच दोष. साधारण १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव भरलेली.

गळती गाडीत असताना नवी बॅटरी टाकणं म्हणजे छप्पर गळतं म्हणून खालचं भांडं बदलणं. गाडीची बॅटरी वारंवार तळापर्यंत उतरणं सोसत नाही. आतल्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि नवी बॅटरीही लवकर म्हातारी होते.

गळती मोजायची ती अशी. चावी काढा, सगळं बंद करा. दार उघडं ठेवायचं असेल तर चौकटीतला दिव्याचा स्विच दाबून ठेवा, किंवा स्विच कडीत असेल तर कडी स्क्रूड्रायव्हरने लागल्यासारखी फिरवा, नाहीतर आतला दिवाच मोजला जाईल. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि मीटर तिच्या आणि निगेटिव्ह खुंट्याच्या मधे लावा. अलार्म, सेंट्रल लॉक वगैरे झोपायला अर्धा तास द्या. मीटर मधे असताना सेल्फ मारू नका. मीटरचा फ्यूज तरी जाईल किंवा मीटरच.

५० मिलिअँपिअरपर्यंतचा आकडा सहसा चालतो. त्याने दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे ४५ ची बॅटरी अर्धी व्हायला अडीच आठवड्यांच्या वर लागतात. डिकीत पेटून राहिलेला ५ वॅटचा एकच दिवा दिवसाला १० अँपिअर-अवर खातो. आकडा मोठा असेल तर फ्यूज एकेक काढत जा. ज्याने आकडा धपकन खाली येतो त्या सर्किटमध्ये चोर आहे. नंतर बसवलेला स्टिरिओ, अलार्म आणि चार्जर यांच्यावर पहिला संशय घ्या. स्टिरिओची मेमरीची (सतत वीज असलेली) आणि चावीची (चावी फिरवल्यावरच वीज मिळायला हवी ती) वायर एकत्र पिळून ठेवलेली असणं फार सर्रास आहे.

एका वेगळ्याच दोषाचं खापरही बॅटरीवर फुटतं. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली की सेल्फ जड फिरतो. सेल्फचा मोठा करंट मग परतीची वाट शोधत अॅक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून जाऊ शकतो. सेल्फ मारल्यावर यातली एखादी केबल गरम लागली तर बॅटरी सोडा, पट्टी बघा.

«रोज टर्मिनल काढा, पाच मिनिटं गाडी चालू ठेवा.»

एखाद-दुसऱ्या रात्री, गळती सापडेपर्यंत, टर्मिनल काढायला हरकत नाही. आधी निगेटिव्ह काढा आणि जोडताना ते शेवटी जोडा, म्हणजे पाना बॉडीला लागून ठिणगी पडणार नाही. रोजचाच नेम केलात तर शिशाचा मऊ खुंटा झिजतो, पकड ढिली होते आणि नवा दोष तयार होतो. पाच मिनिटांच्या आयडलिंगने सेल्फने खाल्लेलं कसंबसं भरून निघेल, रात्रभराची गळती नाही. इंजिनही तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. उतरलेल्या बॅटरीला चार्जरवर कित्येक तास लागतात.

«चालू गाडीत वायर काढून अल्टरनेटर तपासा.»

हे कधीही करू नका. अल्टरनेटरच्या विजेचे झटके पोटात घेण्याचं कामही बॅटरीच करते. ती अचानक बाजूला केली की व्होल्टेज उसळी मारतं आणि अल्टरनेटरचे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग), व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर किंवा इसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, जळू शकतो. भरीला, नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि तुम्ही तिथेच ठिणगी पाडता. शिवाय इंजिन चालू राहिलं तरी चार्जिंग पुरेसं आहे का, ते कळत नाहीच. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर धरा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. कमी असतील तर अल्टरनेटर उतरवण्याआधी बेल्टचा ताण आणि जोडण्या बघा.

याच अल्टरनेटरमधला एखादा डायोड खराब झाला तर दिवसा चार्जिंग चालू असूनही रात्री त्यातूनच वीज गळते, आणि त्याची जाड वायर सहसा फ्यूज बॉक्समधल्या छोट्या फ्यूजांतून जात नाही. सगळे फ्यूज काढूनही आकडा खाली येत नसेल तर ती वायर सोडवून पुन्हा मोजा. सोडवण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, कारण त्या वायरीत बॅटरीची पूर्ण ताकद असते. सोडवलेलं टोक टेपने नीट गुंडाळा, मगच मीटर पुन्हा लावा.