मिलिशियाला एवढं श्रेय?

अमेरिकेचं स्वातंत्र्य घरची बंदूक घेऊन आलेल्या शेतकऱ्यांनीच, म्हणजे मिलिशियानं (गरजेपुरत्या जमणाऱ्या नागरिकांच्या फौजेनं) मिळवलं, हे लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. १७८० मध्ये कॅम्डेनच्या लढाईत व्हर्जिनियाचे मिलिशियावाले इंग्रजांच्या संगिनी अंगावर येताच पळत सुटले. मेरीलँड आणि डेलावेअरचे कायमस्वरूपी पलटणीतले शिपाई मात्र पाय रोवून लढले. मिलिशियावर विसंबून चालणार नाही, हे सरसेनापती वॉशिंग्टन १७७६ पासूनच काँग्रेसला (वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेला) कळवत होते. अर्थात खड्या, म्हणजे शांततेतही कायम ठेवलेल्या, फौजेची लोकांना वाटणारी भीतीही खोटी नव्हती. बॉस्टनमध्ये १७७० साली इंग्रज शिपायांच्या गोळीबारात पाच माणसं गेली, ते लोक कसं विसरतील? म्हणूनच फौज डोईजड होऊ नये यासाठी लष्कराचा पैसा एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीसाठी मंजूर करायचा नाही, ही अट थेट राज्यघटनेत आली. इतक्या महत्त्वाच्या तरतुदीचा लेखात उल्लेखही नसावा?