आतड्याचा कर्करोग गोळीने बरा होतो? खुलासा

‘मोठ्या आतड्याचा कर्करोग एका जंतूमुळे होतो, मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिक गोळीने बरा होतो’ हा मेसेज कालपासून मला चार ग्रुपांवर आला. माझी पीएचडी याच विषयावर चालू आहे, म्हणून लिहिते.

जंतू खरा आहे: फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम, एरवी तोंडात राहणारा. २०१२ मध्ये तो या कर्करोगाच्या गाठींत सापडला. २०१५ मध्ये दिसलं, की त्याचं फॅप-२ प्रथिन आपल्या रोगप्रतिकारशक्तीच्या मारक पेशींवरचा ‘टिजिट’ नावाचा ब्रेक दाबतं. म्हणजे पहारेकरीच गप्प! पण तो सगळ्याच गाठींत नसतो. गोळीचा प्रयोग २०१७ चा, उंदरांवरचा. तिथेही गाठीची वाढ मंदावली, इतकंच.

शौचातून रक्त जात असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.