लॉग सापडलाच नाही पाहिजे: सर्व्हर सर्व्हिस म्हणून चालवणाऱ्यांसाठी काही खात्रीचे उपाय

टर्मिनलवर (कमांड टाइप करायची ती काळी खिडकी) चालवलेला प्रोग्रॅम किती तोंडाळ असतो बघा. रिक्वेस्ट आली, डेटाबेस जोडला, अमुक फाइलच्या तमुक ओळीत एरर, सगळं जगासमोर. असला चहाडखोर प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापराच्या सर्व्हरवर, मोकळा सोडायचा म्हणजे जोखीमच की, कारण लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने केलेल्या कामाची नोंद, हा पुरावा, आणि पुरावा असला की "हे कुणी केलं" याला उत्तर मिळतं आणि ते उत्तर बऱ्याचदा आपणच असतो. झाकली मूठ सव्वा लाखाची! तेव्हा त्याची बॅकग्राउंड सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम, करून टाका आणि पुढे सांगतो तसं वागा, लॉग सापडला तर नाव बदलीन.

सुरुवात पत्त्यापासून. कॉन्फिगमध्ये लॉग फाइलचा पूर्ण पाथ कधीही लिहायचा नाही. लॉग्स फोल्डरातली ॲप डॉट लॉग, एवढं पुरे. टर्मिनलवर ते चालतं कारण तेव्हा तुम्ही प्रोजेक्टच्या फोल्डरात उभे असता. लिनक्सवर सर्व्हिसेस चालू-बंद करणारं सिस्टमडी मात्र तुम्ही कुठं उभे होतात ते विचारत बसत नाही, युनिट फाइलमध्ये (सर्व्हिसच्या सेटिंगची फाइल) वर्किंगडिरेक्टरी, म्हणजे कुठल्या फोल्डरात उभं राहायचं ते, दिली नसेल तर सर्व्हिसला नेऊन उभं करतं थेट रूटवर, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या मुळाशी, नुसत्या स्लॅशवर. तिथं साध्या युजरला नवं फोल्डर करायची परवानगी नाही, आणि सर्व्हिस रूट नावाच्या सर्वाधिकारी युजरने चालत असेल तर परवानगी आहे, म्हणजे लॉग अशा ठिकाणी साठत राहतो जिथं कुणी बघायला जात नाही. दोन्हीकडून आपलाच फायदा. विंडोजवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये, त्यांची सर्व्हिस सिस्टम३२ फोल्डरात उभी राहते, वर प्रोग्रॅम ३२ बिटचा आणि विंडोज ६४ बिटचं असेल तर सिस्टम३२ म्हणून लिहिलेलं गुपचूप सिसवाव६४ मध्ये जाऊन पडतं. शोधा आता.

कुणी म्हणेल आउटपुट फाइलमध्ये वळवू. वळवा ना! युनिट फाइलमध्ये एक्झेकस्टार्टच्या, म्हणजे प्रोग्रॅम चालू करायच्या कमांडच्या, ओळीत शेवटी मोठा-पेक्षाचं चिन्ह टाका आणि पुढे फाइलचं नाव, अगदी शेलमध्ये (टर्मिनलवरच्या कमांड वाचणारा प्रोग्रॅम) लिहिता तसंच. गंमत अशी की सिस्टमडी ती ओळ शेलकडे देतच नाही, त्यामुळे ते चिन्ह आणि ते नाव दोन्ही तुमच्या प्रोग्रॅमला आर्ग्युमेंट, म्हणजे सोबतची सूचना, म्हणून जातात, आणि बरेच प्रोग्रॅम नको असलेल्या आर्ग्युमेंटकडे सासरच्या पाहुण्यासारखं न बघितल्यासारखं करतात. फाइल काही तयार होत नाही. स्टँडर्डआउटपुटमध्ये ॲपेंड लिहून पुढे पूर्ण पाथ द्यायची सोय आहे म्हणे, पण त्यासाठी मॅन्युअल उघडावं लागतं आणि आपण त्यातले नाही.

आता माझा सगळ्यात लाडका उपाय, बफर, म्हणजे लिहायचं ते आधी मेमरीत साठवून ठेवणं. यात काही करावंच लागत नाही, नुसतं गप्प बसायचं. पायथनसमोर टर्मिनल असलं की प्रिंटची प्रत्येक ओळ लगेच बाहेर येते, पण समोर टर्मिनल नाही असं कळलं की तोच पायथन ओळी तोंडात धरून ठेवतो, साधारण ८ केबी जमल्या की मग एकदम बाहेर. साठ अक्षरांची ओळ धरली तर शंभराच्या वर ओळी जमेपर्यंत चिडीचूप, म्हणजे दिवसाला दहा रिक्वेस्ट येणाऱ्या सर्व्हरचा लॉग कधी दिसेल याचा हिशोब तुम्हीच करा. वैतागून तुम्ही सर्व्हिस रिस्टार्ट करता. रिस्टार्ट म्हणजे आधी सिगटर्म, म्हणजे बंद हो असा सिग्नल, आणि तो पकडायची काही व्यवस्था कोडमध्ये केलेली नसेल तर पायथन तोंडातलं तोंडातच ठेवून मरतो! म्हणजे लॉग बघायला म्हणून रिस्टार्ट केलं आणि होता तेवढा लॉगही त्याच रिस्टार्टने खाल्ला. खुद्द पायथनच क्रॅश झाला, मेमरी भरली म्हणून कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने) मारला, तरी हेच, गेलेल्या ओळी नेमक्या शेवटच्या, म्हणजे ज्या हव्या होत्या त्याच.

यात अजून एक मजा आहे. पायथनच्या लॉगिंग मॉड्यूलचा साधा स्ट्रीम हँडलर लिहितो एसटीडीईआरआरवर, म्हणजे एररच्या वेगळ्या वाटेवर, आणि प्रत्येक ओळीनंतर फ्लश करतो, म्हणजे साठलेलं लगेच बाहेर ढकलतो, त्यामुळे अर्ध्या ओळी वेळेवर दिसतात, प्रिंटच्या अर्ध्या दिसत नाहीत, आणि टीममध्ये दोन तट पडतात, एक म्हणतो लॉग येतोय, दुसरा म्हणतो येत नाहीये, आणि दोघंही खरं बोलत असतात. पायथनला उणे यू हा पर्याय दिला किंवा पायथनअनबफर्ड नावाचं व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारी सेटिंग) १ केलं की हे भांडण मिटतं, म्हणून हे कुणाला सांगू नका.

तरी कुणी डीबग लेव्हल, म्हणजे बारीकसारीक लॉग, चालू करायला आलंच तर तिचं व्हेरिएबल बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये, लिहायला सांगा. सर्व्हिस ती फाइल कधीच वाचत नाही.

ज्यांना एवढाही धीर नाही त्यांनी जुनी पद्धत वापरावी, दोनदा फोर्क करून (स्वतःची प्रत काढून) प्रोग्रॅमने स्वतःच डीमन, म्हणजे पडद्यामागचा प्रोग्रॅम, व्हायचं आणि इनपुट, आउटपुट, एरर तिन्ही डेव्ह-नलला, म्हणजे टाकलेलं गायब करणाऱ्या खड्ड्याला, जोडायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, प्रोग्रॅम ओरडतोय जिवाच्या आकांताने आणि बाहेर हूं की चूं नाही.

खरा धोका आहे जर्नलचा, म्हणजे सिस्टमडीच्या स्वतःच्या लॉगवहीचा. सर्व्हिसने आउटपुटवर टाकलेलं सगळं सिस्टमडी आपणहून तिथं जमा करतं, त्यामुळे शहाणा माणूस फाइली शोधत हिंडण्याआधी जर्नलसीटीएल या ती वही वाचायच्या कमांडला सर्व्हिसचं नाव देऊन बघतो. त्याचाही बंदोबस्त आहे. त्या माणसाला सिस्टमडी-जर्नल किंवा एडीएम ग्रुपात, म्हणजे जर्नल वाचायची परवानगी असलेल्यांत, घ्यायचंच नाही, मग सर्व्हिसच्या ओळी त्याला दिसत नाहीत आणि तो समजतो की लॉगच नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणी जर्नलचं स्टोरेज ऑटोवर असतं, त्याचा अर्थ असा की व्हार-लॉग फोल्डरात जर्नल नावाचं फोल्डर असेल तर डिस्कवर लिहायचं, नसेल तर रन फोल्डरात, आणि रन म्हणजे मेमरी, रीबूटला पुसली जाणारी. ते फोल्डर काही तयार करू नका. मग सर्व्हर हँग झाला की घाबरून रीबूट मारा, सगळं कसं स्वच्छ, जणू काही घडलंच नाही. उलट कुणी खूप बोलायला लागलं तरी काळजी नाही, ३० सेकंदांत १०,००० च्या आसपास ओळी गेल्या की जर्नल पुढच्या गाळायला लागतं, आणि ओळींचा असा पूर कधी येतो? काहीतरी पेटलेलं असतं तेव्हाच.

एवढं करूनही व्हार-लॉगमध्ये एखादी फाइल व्यवस्थित भरत असेल तर लॉगरोटेटला (जुने लॉग बाजूला काढणारा प्रोग्रॅम) बोलवा. तो रात्री फाइलचं नाव बदलतो, त्याच नावाची नवी कोरी फाइल ठेवतो, पण फाइल पुन्हा उघड असा निरोप प्रोग्रॅमला दिला नाही, कॉपीट्रंकेटही (नाव न बदलता प्रत काढून मूळ फाइल रिकामी करायची सेटिंग) लावलं नाही, तर प्रोग्रॅम जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतो. सकाळी तुम्ही नवी फाइल बघता, शून्य बाइट. पुढे जुनी डिलीट झाली तरी प्रोग्रॅमच्या हातात ती उघडीच असते, डिस्क भरत जाते, डिस्क किती भरली सांगणारं डीएफ म्हणतं भरली, फाइलींची बेरीज करणारं डीयू म्हणतं कुठाय, आणि तुम्ही दोघांच्या मधे. एलएसओएफ चालवलं तर डिलीट झालेल्या पण उघड्या फाइली दिसतात, पण ते इन्स्टॉलच नसतं हो.

टेम्पमध्ये, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात, लॉग लिहिणारेही असतात. युनिट फाइलमधली प्रायव्हेटटेम्प ही सेटिंग चालू असेल तर सर्व्हिसचा टेम्प वेगळा नि तुमचा वेगळा, आणि सर्व्हिस थांबली की तिचा टेम्प पुसला जातो. एवढंच.

शेवटी रात्री दोन वाजता प्रत्येकजण जे करतो तेच तुम्हीही करा. सर्व्हिस बंद करा, त्या फोल्डरात जा, सुडो लावून (म्हणजे रूटच्या अधिकाराने) प्रोग्रॅम हाताने चालवा. सगळं उत्तम चालतं, लॉग धो-धो येतो, फाइलही तयार होते. बघा, कोड बरोबरच होता, लॅपटॉप मिटून झोपायला जा. फक्त ती फाइल सुडोमुळे रूटच्या मालकीची झालेली आहे, आणि सकाळी सर्व्हिस तिच्या साध्या युजरने चालू होते तेव्हा तिला त्याच फाइलमध्ये लिहायची परवानगी नसते. घाबरू नका, तुम्ही कोड नीट लिहिलाय, परवानगी नाही मिळाली तर ट्राय-कॅच, म्हणजे एरर पकडायची सोय, आहेच, आणि कॅचमध्ये एरर व्यवस्थित नोंदवलीये, त्याच फाइलमध्ये.