रंगाने घराचा भाव वाढत नाही, ओल तेवढी झाकली जाते

बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींत सध्या एक मेसेज फिरतोय. 'घर विकायचंय? आधी आतून-बाहेरून पांढराशुभ्र रंग मारून घ्या. जितका खर्च कराल त्याच्या कितीतरी पट भाव वाढून येईल. ओल असेल तर वॉटरप्रूफ रंग मारा, कोणाला कळणारही नाही.' दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथली आईवडिलांची घरं विकायला काढलेले, पुण्या-मुंबईला राहणारे लोक हे वाचून फोनवरच रंगारी ठरवून टाकतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी भावाचं. मुद्रांक शुल्क निदान जंत्रीच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकाच्या, भावाने लागतं. १५ एप्रिल २०२३ला गुजरातभर जमिनीची जंत्री दुप्पट झाली, पण तिच्यात भिंतीच्या रंगाला रकाना नाही. कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस येतो तोही मुख्यतः जागा, रस्ता, बांधकामाचं वय आणि कागद बघतो. आता खर्च धरा. ७०० चौरस फूट कार्पेटच्या घरात रंगवायचं क्षेत्र साधारण तिप्पट, म्हणजे २,१०० चौरस फूट भरतं. लांबी (पुट्टी), प्रायमर आणि रंगाचे दोन हात मिळून फुटाला २५ रुपये धरले तरी ५२,५०० झाले, बाहेरची बाजू वेगळीच. हे पैसे परत मिळतीलच असं कोणीही छातीठोकपणे सांगू नये. त्यातून जुनं बैठं घर असेल, तर घेणारा बहुतेक वेळा जमिनीकडे बघून येतो. घर पाडायचंच असेल तर रंगाचं त्याला काय?

खरा घातक सल्ला ओलीचा आहे. जुन्या बडोद्यातल्या कितीतरी भिंती विटांच्या आणि चुन्याच्या गिलाव्याच्या आहेत. अशी भिंत पावसाळ्यात पाणी ओढते आणि ऊन पडलं की हळूहळू बाहेर टाकते. तिच्यावर लांबी आणि प्लास्टिक पेंट चढवला की ती वाट बंद होते. पाणी रंगामागे अडकतं, विटेतले क्षार वर आणतं, लोणा फुटतो. जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत फुगे धरतात; अंगठ्याने दाबलं की पापुद्रा पापडासारखा मोडतो आणि मागून पांढरी भुकटी सांडते. वॉटरप्रूफ रंगाचं काम पाणी येतं त्या बाजूने त्याला अडवायचं. आतून मारला तर तेच पाणी त्याला मागून ढकलून सोडवतं.

म्हणून रंगाऱ्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. गच्चीवरच्या चायना मोझेकच्या (फरशीच्या तुकड्यांच्या थराच्या) भेगा, पॅरापेटची म्हणजे कठड्याची कड, पावसाच्या पाइपाचा सांधा, वरच्या नहाणीचा ट्रॅप, ओल वरून येत असेल तर बहुधा यांतलंच काहीतरी निघतं. घरच्या घरी एक तपासणी करता येते. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीच्या आत आहे. खोलीकडच्या बाजूला धरले तर हवाच दमट आहे, खिडक्या उघडा.

'कोणाला कळणार नाही' हे तर मला अजिबात पटत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी समा-अकोट्याकडच्या कितीतरी घरांत शिरलं. तेव्हापासून तळमजला बघायला येणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, 'पाणी किती आलं होतं?' घरात नव्या रंगाचा वास कोंडलेला असला की त्याला आधी शंका येते, मग तो भिंत ठोकून बघतो. आणि कायदाही स्पष्ट आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही सापडणार नाही असा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. न सांगणं ही फसवणूक ठरते. समोरचं कुटुंब आयुष्यभराची पुंजी लावून, वर कर्ज काढून ते घर घेत असतं. ओल ठाऊक असून तिच्यावर रंग फासायचा, हे आपल्या घराण्याच्या नावाला शोभत नाही.

पांढऱ्या रंगाचा आग्रह मात्र निम्मा बरोबर आहे. फिकट रंगात अंधारी खोली उजळते, शंकाच नाही. पण जुन्या घरात मधल्या खोलीतलं भलंमोठं कपाट हलवलं तरी तितकाच उजेड पडतो, आणि तोही फुकट.

मग रंग लावूच नये का? लावा, पण बेताने. भिंती कोरड्या असतील तर दर्शनी दार, बैठकीची खोली, स्वयंपाकघरातला तेलकट कोपरा एवढं पुरे. ओल काढली असेल तर भिंतीला वाळायला वेळ द्या. पावसाळा संपता संपता नवरात्र-दिवाळीसाठी रंग लावायची घाई होते, तेव्हा भिंती पुरत्या वाळलेल्या नसतात. इथे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत कमुरता, म्हणजे शुभकार्य टाळायचा काळ, म्हणून पुष्कळ लोक दस्तावेज (खरेदीखत) करत नाहीत. तेवढे दिवस दारं-खिडक्या उघड्या ठेवा, भिंती वाळू द्या आणि रंग संक्रांतीनंतर लावा. गच्ची कधी दुरुस्त केली, पुराचं पाणी कुठवर आलं होतं, हे बानाखतातच (साठेखतातच) लिहून द्या आणि दुरुस्तीची बिलं सोबत जोडा.