‘स्पायडर-मॅन २’मधली खरी चूक आगगाडीत नाही, कॅफेत आहे

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की आपल्याकडे गजालींना जोर चढतो. मालवण घ्या नाहीतर रत्नागिरी, तिठ्यावर चार सिनेमावेडी पोरं जमली की एक वाद ठरलेला. २००४ चा ‘स्पायडर-मॅन २’ हा सुपरहिरोपटांमधला सगळ्यात चांगला दुसरा भाग, की उगाच डोक्यावर घेतलेला? बाजूने बोलणारे आगगाडीचा प्रसंग पुढे करतात. विरोधातलेही तोच प्रसंग पुढे करतात, ‘असं खंय होता?’ म्हणून. वीस वर्षं उलटली तरी भांडण त्या रुळांवरच अडकलंय. त्या प्रसंगात चूक आहेच, पण लोक दाखवतात ती नव्हे. आणि कथेला खरी बाधणारी चूक तर भलतीकडेच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रसंग नीट आठवू. पाठीला चार यांत्रिक हात जोडलेला खलनायक शास्त्रज्ञ डॉक्टर ऑक्टोपस गाडी चालवायचा दांडा मोडून टाकतो, गाडी सुसाट सुटते आणि पुढे रूळ नदीपाशी संपलेले. स्पायडर-मॅन पहिल्यांदा पाय खाली रोवून बघतो. लाकडी स्लीपर एकामागून एक फुटत जातात, वेग तसाच. मग दोन्ही बाजूंच्या इमारतींना जाळ्याचा एकेक तंतू मारतो, तर भिंतींचा दर्शनी भागच उखडून हातात येतो. तिसऱ्या खेपेला तो दोन्ही अंगांना भराभर पुष्कळ तंतू मारतो, सगळे मुठीत धरतो आणि छाती गाडीला लावून उभा राहतो.

ज्याने रापण ओढलेली आहे त्याला यातली गोम लगेच कळते. होडीतून जाळं समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडे माणसांची रांग. भार इतक्या हातांत वाटला जातो म्हणूनच जाळं येतं. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे पडली की जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. पडद्यावर तिसऱ्या खेपेला नेमकं हेच केलंय. एका जागी सगळा ताण दिला तर भिंत सोडते. तोच ताण वीस जागी वाटला आणि डाव्या-उजव्या बाजूला सारखा ठेवला तर भिंतीही टिकतात आणि गाडीही सरळ राहते.

हिशेबच करून बघा. गाडी २०० टनांची आणि वेग ताशी ८० किलोमीटर धरू. ५०० मीटरांत ती थांबवायची तर सरासरी सुमारे १० टन वजनाइतकी ओढ लागते. १०० मीटरांत थांबवायची तर ५० टन. मोटारींची पुढची ओढ यात धरलेली नाही, ती वेगळी. १० टन वीस तंतूंवर वाटले की तंतूमागे अर्धा टन आला, आणि तेवढा पक्क्या इमारतीला पेलतो. उरला प्रश्न हातांचा, कारण सगळे तंतू येतात दोनच मुठींत, म्हणजे एका हातावर ५ टन. माणसाचा हात खांद्यातून निघून येईल. पण हा माणूस मोटारी अडवतो हे पहिल्या भागापासून मान्य करूनच आपण बसलेलो असतो. थोडक्यात, ‘जाळ्याने गाडी कशी थांबेल’ या आक्षेपात फारसा दम नाही. अडखळत, दोनदा फसून, तिसऱ्यांदा जमतं हेही लिहिणाऱ्यांनी बरोबर ठेवलंय. पहिल्याच फटक्यात जमलं असतं तर कोणाला विश्वास बसला नसता.

खरी तांत्रिक चूक आहे ब्रेकची. कोकण रेल्वेने जाणाऱ्या कोणालाही साखळी ओढल्यावर काय होतं ते माहीत आहे. डब्यांखालून जाणाऱ्या ब्रेक पाइपातली हवा सुटते, दाब उतरतो आणि दाब उतरला की ब्रेक लागतात. हवेने ब्रेक सुटलेले राहतात आणि हवा गेली की आवळले जातात, अशी उलटी रचना मुद्दाम केलेली असते, म्हणजे काहीही बिघडलं तरी गाडी थांबण्याच्या बाजूनेच बिघडावी. शहरातल्या मेट्रो गाड्यांतही तत्त्व तेच. मग दांडा मोडल्यावर गाडी सुसाट का सुटावी? आणि इतक्या प्रवाशांतल्या एकालाही आणीबाणीचा दोर का आठवू नये? दुरुस्ती सोपी होती. नुसता पाइप फोडून भागलं नसतं, कारण पाइप फोडला की गाडी उलट थांबणार. प्रत्येक डब्याखालचे ब्रेक सिलिंडर उपटावे लागले असते. चार यांत्रिक हात असलेला माणूस डब्यांच्या बाजूने सरकत ते उपटत जातोय, असा दहा सेकंदांचा तुकडा पुरला असता.

भूगोलाचं म्हणाल तर गोष्ट न्यूयॉर्कची, पण त्या प्रसंगाचं बरंच चित्रण शिकागोच्या लूप भागातल्या उन्नत रुळांवर झालं. मॅनहॅटनच्या थर्ड ॲव्हेन्यूवरची उन्नत रेल्वे १९५५ सालीच बंद झालेली. न्यूयॉर्कच्या माणसाला हे खटकेल. आपल्याला खटकायचं कारण नाही.

ब्रेकची चूक खरी असूनही ती सिनेमाला बाधत नाही. का, तर त्या प्रसंगाचा भार तिच्यावर नाहीच. भार आहे गाडी थांबल्यानंतरच्या दोन मिनिटांवर. तो बेशुद्ध होऊन पुढे कोसळायला लागतो आणि आतून लोकांचे हात येऊन त्याला धरतात. डोक्यावरून, हातांवर झेलत आत नेतात आणि खाली निजवतात. मुखवटा नाही. लोकांना दिसतो एक कोवळा पोरगा. दोन मुलं मुखवटा परत आणून देतात आणि कोणाला सांगणार नाही म्हणतात. ऑक्टोपस आत आल्यावर हीच साधी माणसं मध्ये उभी राहतात. सिनेमाभर हा पोरगा एकटा सगळ्यांना सावरतोय, आणि इथे पहिल्यांदा त्याला कोणीतरी सावरतं. घराचं एखादं कौल फुटलं म्हणून आढं खाली येत नाही.

आढ्याला धक्का लागतो तो कॅफेत.

पीटरचा मित्र हॅरी ऑक्टोपसला सांगतो की स्पायडर-मॅन हवा असेल तर पीटर पार्करला गाठ, त्याला ठाऊक असेल. पीटर हाच स्पायडर-मॅन आहे हे ऑक्टोपसला माहीत नाही. हॅरीलाही नाही. पीटर जिवंत मिळाला तरच पुढचा पत्ता लागणार. आणि ऑक्टोपस काय करतो? पीटर आणि त्याची आवडती मेरी जेन कॅफेत बसलेत, तिथे काचेतून अख्खी मोटार भिरकावतो. समोर साधा माणूस असता तर चिरडून मेला असता आणि ऑक्टोपसचा एकमेव धागा तुटला असता. वर तो पीटरला उचलून भिंतीवर आपटतो. हा माणूस मूर्ख नाही, शास्त्रज्ञ आहे, आणि आदल्याच प्रसंगात त्याने थंड डोक्याने सौदा केलाय. म्हणजे इथे पात्राने काय करावं हे पात्राने ठरवलं नाही, पीटरची मधल्या काळात गेलेली शक्ती परत यायची वेळ झाली होती त्याने ठरवलं. मोटार हवी होती ती संकट आधीच कळण्याची त्याची जाणीव परत जागी झालेली दाखवायला, मंद गतीत. तेवढ्यासाठी खलनायकाची अक्कल गहाण पडली.

हे सोडवायला फार कष्ट नव्हते. यांत्रिक हाताने पोलिसांची मोटार बाजूला भिरकावली, ती घरंगळत कॅफेत घुसली, आणि मागाहून ऑक्टोपस पीटरला शोधत आला, एवढं केलं असतं तरी तीच मंद गती, तीच उडी मिळाली असती. ‘२ सर्वोत्तम’ म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे की या एका जागी बचाव करू नका. इथे बचाव नाही.

याच्याच शेजारची दुसरी कच्ची जागा म्हणजे शक्ती जाणं आणि येणं. जाणं उत्तम जमलंय. पिझ्झा २९ मिनिटांत पोचवायची नोकरी जाते, भाडं थकतं, मेरी जेनच्या नाटकाला दारातच अडवतात, आणि एक दिवस हवेत असताना तंतू सुटतच नाही. डॉक्टरही दुखणं मनात असल्याचं सुचवतो. हा सगळा उतार पायरीपायरीने येतो. त्यानंतर पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकून पाठमोरा निघतो, ते दृश्य जुलै १९६७ च्या कॉमिकच्या ५० व्या अंकातून घेतलंय. परत येणं मात्र एका क्षणात उरकलंय. आधी छपरावरून उडी मारून बघतो आणि आपटतो, मग मेरी जेनला पळवून नेल्यावर शक्ती गेल्यामुळे लागलेला चष्मा एकदम नकोसा. मनाचं दुखणं मनानेच बरं झालं हे मान्य. पण ज्या धीराने उतार दाखवला त्याच्या पाव धीराने चढही दाखवायला हवा होता.

अणुसंमीलनाचं जे यंत्र दाखवलंय त्याबद्दल थोडक्यात, कारण जैतापूर-माडबनच्या चर्चेमुळे आपल्याकडे अणुऊर्जेचे शब्द घरोघरी पोचलेत आणि गल्लत होते. जैतापूरचा प्रस्ताव अणू फोडण्याचा. ऑक्टोपसचं यंत्र अणू जोडण्याचं. संमीलनात खरी अडचण आहे ती ते चालू ठेवण्याची. चुंबकीय पकड सुटली की तापलेला वायू थंड होतो आणि क्रिया क्षणात थांबते. त्यामुळे आपोआप वाढत जाणारा गोळा आणि तो विझवायला नदीत बुडवणं, दोन्ही कल्पित. ट्रिटियमच्या संमीलनातून इतके वेगवान न्यूट्रॉन निघतात की नुसता काळा चष्मा लावून समोर बसलेले पाहुणे वाचणार नाहीत. तरी ही चूक मला किरकोळ वाटते. गोष्टीला हवं होतं एक स्वप्न, जे स्वतःच्या हातांनी बुडवावं लागेल. ते मिळालं.

आता जमेच्या बाजूचं. इथे जास्त बोलायला हवं आणि लोक नेमके इथेच दोन शब्दांत उरकतात.

दशावतार बघत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. राक्षसपार्टी तगडी नसेल तर राजपार्टीला उठाव येत नाही. एका बाकाचं सिंहासन, पेटी, मृदंग, झांज, एवढ्या सामानात राक्षस उभा राहतो तो नटाच्या अंगातून आणि आवाजातून. अल्फ्रेड मोलिना या नटाचा ऑक्टोपस तसा आहे. त्या चार हातांपैकी पुष्कळसं काम खऱ्याखुऱ्या बाहुल्यांनी केलंय. फोम रबरचे सुमारे आठ-आठ फुटी हात आणि कंबरेला पट्टा, मिळून वजनही बरंच. एकेका हाताला चार-चार माणसं, म्हणजे सोळाजण एका नटाभोवती. मोलिनाबरोबर तालमी करून त्यांनी हालचाली बसवल्या. लांबच्या उड्या आणि भिंतीवर चढणं तेवढं संगणकाने. फरक कुठे दिसतो? हात त्याचा चष्मा काढतो किंवा त्याच्या कानाशी लागतो तेव्हा नटाची नजर खऱ्या वस्तूवर पडते आणि मान वजनाने वळते. हिरव्या पडद्यासमोर उभ्या केलेल्या नटाच्या नजरेत ते वजन येत नाही. २००५ मध्ये या सिनेमाला दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं ते या मिश्रणासाठी, असं मी मानतो.

डॉक्टर ते यांत्रिक हात कापून काढायला जातात तो दवाखान्यातला प्रसंग पुन्हा बघा, आणि यावेळी डोळे मिटून फक्त ऐका. पार्श्वसंगीत नाही. करवतीचा आवाज, धातूचा आवाज, किंकाळ्या, फरशीवर ओरखडणारी नखं. दिग्दर्शक सॅम रेमी भयपटांतून आलेला, आणि त्याने मुलांच्या सिनेमात ती विद्या पूर्ण ताकदीने वापरली. हात आता मालकाचे राहिलेले नाहीत हे एकही वाक्य न बोलता कळतं.

आणि मग मे काकू. पीटर टेबलाशी बसून कबूल करतो की बेन काकांच्या मरणाला तो कारण आहे. ती हात काढून घेते, उठते आणि वर निघून जाते. रडारड नाही. पुढे तीच त्याला सांगते की योग्य ते करायचं तर कधी कधी सगळ्यात लाडकं स्वप्नही सोडावं लागतं. हे बोलणं लक्षात ठेवा, कारण शेवटी पीटर जवळपास याच शब्दांत ऑक्टोपसशी बोलतो आणि ऑक्टोपस स्वतःचं यंत्र स्वतः बुडवतो. काकूच्या अंगणातला शब्द खलनायकाच्या उद्धाराला कामी येतो. पटकथेतला हा सांधा इतका घट्ट आहे की कॅफेचा धक्का बसूनही घर उभं राहतं. आपल्याकडच्या कितीतरी आख्यानांत राक्षस मरताना मुक्त होतो. त्या नजरेने बघणाऱ्या कोकणातल्या माणसाला हा शेवट परका वाटू नये.

आगीचा प्रसंगही वाद घालणारे विसरतात. शक्ती नसताना पीटर जळत्या घरातून मुलीला बाहेर काढतो, आणि मग कळतं की वरच्या मजल्यावर एकजण गेला. पोशाख टाकून देण्याची किंमत सिनेमा तिथे मोजून दाखवतो.

नव्याने बघणाऱ्यांसाठी: १२७ मिनिटांची मूळ प्रत आधी बघा. २००७ मध्ये आलेल्या वाढीव प्रतीत आठेक मिनिटं जास्त आहेत, लिफ्टमधला वेगळा प्रसंग आणि संपादक जेमसन स्पायडर-मॅनचा पोशाख घालून नाचतो तो तुकडा. मजा आहे, पण पीटर आपला पोशाख जेमसनकडून परत पळवून नेण्याआधीची शांतता त्याने मोडते. दुसऱ्यांदा बघताना लावा.

राहिला शेवटच्या शॉटचा वाद. मेरी जेन लग्न सोडून नवरीच्या वेशात पळत येते, पोलिसांचे भोंगे ऐकू येतात, ती त्याला जायला सांगते आणि तो खिडकीतून झेपावतो. पुष्कळांचं म्हणणं, त्याच्या त्या उड्डाणावरच सिनेमा संपायला हवा होता. मला ते पटत नाही. कॅमेरा परत खिडकीशी येतो, तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळतं आणि ती त्या दिशेला बघत उभी राहते. वादळाच्या बातमीनंतर खाडीच्या मुखाकडे बघत राहिलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर जे असतं तेच तिथे आहे, आणि तो शॉट कापायला मी कोणालाही देणार नाही.