क्लोंडाइकला सोनं रोळायला

कॅनडात सोन्याचं गाव दाखवतो असं नवरा सासूबाईंना सांगलीला फोनवर बोलून बसला, त्यामुळे त्या आल्यावर डॉसन सिटीला जाणं आलंच. हे गाव युकॉन प्रांतातल्या क्लोंडाइक भागात, म्हणजे नकाशात पार वर डावीकडे, अलास्काला चिकटून. व्हाईटहॉर्सपर्यंत विमान आणि पुढे सव्वापाचशे किलोमीटर भाड्याची गाडी, रस्ता तसा बरा, पण खालची जमीन बारमाही गोठलेली आणि ती जिथे वितळते तिथे रस्ता असा खचतो-फुगतो की मागच्या सीटवर चिवड्याचा डबा आणि आई एकदमच उडायच्या.

डब्यावरून आधीच वाजलं होतं. भाजणी, मेतकूट, लाडू, छोटा कुकर, "आई, आपण चार दिवसांसाठी चाललोय" वगैरे. मग डॉसनला गाईडने सांगितलं की १८९८ मध्ये, सोन्यासाठी लोक अलास्कातून डोंगर चढून इकडे यायचे तेव्हा, वाटेवरच्या चिलकूट खिंडीत पोलीस उभे असायचे आणि वर्षभराचा शिधा सोबत नसेल तर कॅनडात सोडायचे नाहीत, सगळं सामान धरून जवळपास टनभर, आणि ते लोकांनी पाठीवरून, पुन्हा पुन्हा खाली उतरून, वर नेलं. आईंनी नुसतं लेकाकडे बघितलं. त्यानंतर डब्याचा विषय बंद.

सोनं सापडलं १६ ऑगस्ट १८९६ ला, रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यात, नंतर त्याचं नाव बोनान्झा झालं. बाहेरच्या जगाला बातमी लागली पुढच्या जुलैत. लाखभर लोक निघाले, पोचले तीस-चाळीस हजार, आणि तोवर चांगल्या जागा सगळ्या बुक! १८९९ ला अलास्कात नोमला सोनं निघाल्याचं कळलं तशी अर्धी जनता तिकडे पळाली. आता दीडेक हजार वस्ती, कच्चे रस्ते, लाकडी फूटपाथ, आणि जमीन खचल्यामुळे एकमेकांच्या अंगावर रेललेल्या जुन्या इमारती, ज्यांचे लोक फोटो काढतात. आई म्हणाल्या, "बिल्डरला कोणी धरलं नाही का?"

झोपेचं तर विचारूच नका. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो साडेबाराच्या पुढे आणि अंधार असा पडतच नाही. सांजवात कधी लावायची हा प्रश्न आईंनी मला अकराला विचारला, बाराला विचारला, शेवटी सांगलीच्या वेळेप्रमाणे लावायची असं ठरलं (म्हणजे आमच्याकडे पहाटे, मीच उठले). नवऱ्याला एका हॉटेलातलं ते फेमस ड्रिंक घ्यायचं होतं, ज्यात खराखुरा, वाळवलेला, माणसाच्या पायाचा अंगठा टाकतात. आईंनी एवढंच विचारलं, "आणि मग त्याच तोंडाने तू माझ्या हातचं खाणार?" राहिलं ते.

मुख्य कार्यक्रम बोनान्झावर. तिथे एक क्लेम, म्हणजे सोनं काढायला आखून दिलेला जमिनीचा तुकडा, पब्लिकसाठी फुकट उघडा ठेवलाय, पसरट तसराळं घेऊन जायचं, मिळेल ते तुमचं. तसराळ्यात वाळू-खडे घ्यायचे, पाण्यात गोल हलवत वरचं वरचं सोडून द्यायचं, सोनं जड म्हणून तळाला राहतं, काळ्या वाळूबरोबर. पाणी बर्फासारखं, डास तर इतके की तोंड उघडायची सोय नाही. नवऱ्याने व्हिडिओ बघून तयारी केलेली आणि तरी दर वेळी तसराळं पार रिकामं! आईंनी थोडा वेळ बघितलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "अरे तांदूळ रोळतोयस का विसळतोयस? सरक." आमच्या सराफ कट्ट्याच्या गटारातली माती धुणारे झारेकरी त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. पंधरा-वीस मिनिटांत तळाशी मोहरीहून बारीक पिवळा ठिपका! शेजारचा दाढीवाला गोरा आजोबा उठून बघायला आला, आईंनी त्याला मराठीतच मनगट कसं फिरवायचं ते दाखवलं, आणि त्याला ते कळलंही.

आता ठिपक्याचं काही घडत नाही म्हणून गावातल्या दुकानात गेलो. तिथे ओढ्यातले सोन्याचे कच्चे खडे विकायला, आणि भाव बाजारभावापेक्षा जास्त, का तर नैसर्गिक आकार. हे मी समजावून सांगितलं. आईंनी चष्मा लावून खडा उलटसुलट केला, परत ठेवला.

"घडवलेलं नाही, घासलेलं नाही, आणि वर घडणावळ मागतोय. चल गं."